बाळाआधी माझ्याच कपांसाठी घेतलेला स्टीम स्टरिलायझर

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या लहान मुलांच्या दुकानात गेले तेव्हा मला नववा आठवडा चालू होता. पोट अजिबात दिसत नव्हतं. काउंटरवरच्या मुलानं बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र खोक्यातून काढून समोर ठेवलं आणि विचारलं, "ताई, बाळ किती महिन्यांचं?"

"बाळ यायला अजून वेळ आहे. मला माझ्यासाठी पाहिजे."

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडं. नवऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. मुलगा बिचारा पुढं काही न बोलता बिल करायला लागला. ३,४५० रुपये, एक वर्षाची वॉरंटी. त्याला आता वर्ष होऊन गेलं. यंत्र अजून चालू आहे, मधे एकदा बंद पडून चालू झालंय, ते पुढं सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली चार कंपन्यांची यंत्रं मी दुकानात उघडून बघितली आणि आतून सगळी एकसारखीच होती. तव्यासारखी एक गोल प्लेट, वर प्लास्टिकचं दोन मजली घर, खाली छोटा पंखा.

मला सिस्टिक फायब्रोसिस आहे. शरीरात जिथं जिथं पातळ स्राव पाहिजे तिथं तो घट्ट, चिकट होतो. फुप्फुसांत कफ अडकतो, स्वादुपिंडातला रस आतड्यापर्यंत पोचत नाही म्हणून तूप-तेल पचत नाही, आणि घामातून मीठ बेसुमार जातं. लहानपणी मला दोनदा टीबीची औषधं दिली गेली. शाळेच्या निळ्या फ्रॉकवर काखेपाशी घाम वाळून पांढरे नकाशे उमटायचे, आई ते ब्रशनं घासायची, पण त्याचा अर्थ कुणाला लागला नव्हता. शेवटी अकराव्या वर्षी वेल्लोरला घामाची चाचणी झाली. घामातलं क्लोराइड ६० च्या वर असलं की हा आजार धरतात, माझं ९४ आलं. माझे आईबाबा आतेमामे भावंडं आहेत. आपल्याकडं मामाची मुलगी करून घेतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. दोघांकडं सदोष जनुकाची एकेक प्रत होती, दोघंही ठणठणीत, आणि चारात एक या हिशोबानं दोन्ही प्रती माझ्या पदरात पडल्या.

आता हे सगळं स्टरिलायझरच्या परीक्षणात कशाला, तर हे यंत्र मला किती उपयोगी पडलं ते माझा दिवस कळल्याशिवाय कळणार नाही. सकाळ-संध्याकाळ ७ टक्के मिठाचं पाणी नेब्युलायझरमधून (औषधाचा बारीक फवारा करणारं यंत्र) ओढायचं, त्यानं कफ पातळ होतो. मग फुंकणीसारखं एक उपकरण असतं त्यात फुंकून, खोकून तो बाहेर काढायचा. दिवसातून एकदा डॉर्नेज अल्फा, हेही कफ पातळ करणारं औषध, तेही नेब्युलायझरमधूनच. एक महिनाआड टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक, ते दिवसातून दोनदा. डॉर्नेज दुसऱ्या कुठल्या औषधात मिसळायचं नाही, त्यामुळं टोब्रामायसिनच्या महिन्यात दिवसाला पाच वेळा नेब्युलायझरचा औषधाचा कप वापरला जातो आणि प्रत्येक वेळी तो धुऊन, निर्जंतुक करून, कोरडा करून ठेवावा लागतो. स्यूडोमोनास नावाचा जंतू ओलाव्यात वाढतो. नळाच्या पाण्यात, सिंकच्या जाळीत, ओल्या स्पंजात तो असू शकतो. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. माझ्या फुप्फुसात तो एकदा ठाण मांडून बसला की हलत नाही.

लग्न झाल्यापासून मी कप पातेल्यात उकळत होते. साबणानं धुवायचा, पाणी खळखळायला लागल्यापासून पाच मिनिटं ठेवायचा, चिमट्यानं काढून स्वच्छ कापडावर पालथा घालायचा. पद्धत अगदी बरोबर आहे, फुकट आहे, आणि ज्याला जमतं त्यानं खुशाल तीच चालू ठेवावी. २०२१ च्या जुलैत पुरानं शहराचे नळ बंद होते तेव्हा टँकरचं पाणी गाळून त्यातही मी कप उकळलेत. पण मग दिवस राहिले आणि ओकाऱ्या सुरू झाल्या.

नवव्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी पावणेआठला पातेलं गॅसवर ठेवलं आणि मोरीकडं पळाले. तिथंच बसून राहिले, उठायची ताकद नव्हती. किती वेळ गेला कळलं नाही. मग वास आला. पाणी आटून कप पातेल्याच्या बुडाला चिकटला होता, वरची अर्धी बाजू शाबूत आणि खालचा भाग काचेसारखा वितळून पसरलेला. चांगल्या प्रतीचा, परत परत वापरायचा कप होता तो, साधा कप नव्हे, आणि कोल्हापुरात तो मिळत नाही. त्या धुरानं मला जो खोकला सुटला, त्यात पुन्हा ओकारी. आत्या (माझ्या सासूबाई, आमच्यात आत्या म्हणतात) धावत आल्या, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "पातेलं गेलं तर जाऊ दे गं. पर तुझं ह्ये असं पाच-पाच वेळा चुलीपुढं हुबं ऱ्हाणं आता बंद." त्या संध्याकाळी त्यांनीच नवऱ्याला दुकानात पिटाळलं, सोबत मला.

तर यंत्र. वापर सोपा आहे. सोबत दिलेल्या मापानं प्लेटवर ९० मिली पाणी ओतायचं, सुटे केलेले भाग जाळीत उभे लावायचे, झाकण, बटण. दहा मिनिटं वाफ होते, मग पंखा गरम हवा सोडतो. माझे कपाचे चार संच एका वेळी बसतात. म्हणजे सकाळचे धुऊन लावून कामावर गेलं की झालं. उभं राहायला नको, आटायची भीती नाही, पाणी संपलं की यंत्र आपोआप थांबतं. मी मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात हिशोब बघते. सौद्याच्या दिवसांत सकाळी साडेनऊला पोचावंच लागतं. पूर्वी कप उकळण्यात एका वेळेला वीस मिनिटं जायची, आता धुण्याची चार. बाईला दिवस गेलेले, दोनदा तासभर छातीची साफसफाई, दर जेवणाला पचनाच्या कॅप्सूल मोजणं, साखर तपासणं, अशा दिवसात तास-सव्वा तास परत मिळणं म्हणजे काय ते मला विचारा. मी त्या वेळात झोपले. दुसरं काही केलं नाही.

दुकानातल्या मुलानं सांगितलं होतं, "धुवायची पण गरज नाही ताई, वाफेनं सगळं जातं." हे साफ चूक. वाफ जंतू मारते, वाळलेलं औषध आणि चिकटा काढत नाही. आधी भांड्याच्या साबणानं सगळे भाग सुटे करून धुवायचेच. आणखी एक सल्ला सगळीकडून येतो, व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवा. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या २०१३ च्या सूचनांत व्हिनेगर वापरू नका असं स्पष्ट आहे, आमच्या जंतूंना ते पुरत नाही. उकळणं, वाफेचं यंत्र, हे चालतं.

काय आत घालायचं आणि काय नाही, हे मात्र मी पैसे घालवून शिकले. मेडिकलमध्ये मिळणारा दीड-दोनशे रुपयांचा नेब्युलायझर संच असतो ना, मास्क आणि नळीसकट पिशवीत येतो तो, त्याचा मास्क पहिल्याच फेरीत तळलेल्या पापडासारखा वळला. ते मऊ प्लास्टिक वाफेसाठी नसतंच. परत वापरायचे कप वेगळे, त्यांच्या कागदावर उकळलं तर चालेल असं लिहिलेलं असतं. तेही साधारण सहा महिन्यांनी बदलायचे. हवेची लांब नळी आत घालायची नाही, धुवायचीही नाही. ओली झाली तर नेब्युलायझर नुसताच चालू ठेवून हवेनं वाळवायची. आणि हातात मावणारे ते बिनआवाजाचे जाळीचे नेब्युलायझर ज्यांच्याकडं आहेत त्यांनी कंपनीचं पुस्तक वाचल्याशिवाय त्याची जाळी वाफेत घालू नये, काही यंत्रांत मनाई असते.

आता वाळवण्याबद्दल. खोक्यावर लिहिलंय, तीस मिनिटांत कोरडं. नाही होत. कपाच्या मधोमध जी बारीक नळी वर आलेली असते तिच्या बुडाशी एक थेंब हमखास राहतो. डोळ्याला पटकन दिसत नाही, उजेडात कप तिरका धरला की चमकतो. कोल्हापूरच्या पावसात, जुलैमध्ये, जेव्हा घरातली मिठाची बरणीसुद्धा पाझरते, तेव्हा तर दोन थेंब. बाळाच्या बाटलीत थेंब राहिला तर फारसं बिघडत नाही, लगेच दूधच भरायचं असतं. माझा कप सहा तास झाकून राहणार, त्यात तो थेंब मला नको. मी सरळ वाळवण्याची दुसरी फेरी लावते. वीज जाते थोडी, पण काम होतं. पंख्याला खाली एक स्पंजाची गाळणी आहे, ती दर दोन-तीन महिन्यांनी बदला म्हणतात, नाहीतर यंत्र स्वच्छ कपावर धूळ फुंकत बसेल. ती गाळणी शहरात कुठंच मिळाली नाही. दुकानदारानं तीन वेळा "पुढच्या आठवड्यात" केलं. शेवटी ऑनलाइन मागवली.

पाण्याचंही बघावं लागतं. आमच्या मंगळवार पेठेतल्या वाड्यात बोअरचं पाणी आहे. त्यानं आठवड्याभरात प्लेटवर तपकिरी-पांढरे थर बसले, जणू खरवस करपला. एक चमचा लिंबूसत्व पाण्यात घालून अर्धा तास ठेवलं की निघतात. तेव्हापासून प्लेटवर फिल्टरचंच पाणी घालते.

सातव्या महिन्यात मला दवाखान्यात भरती व्हावं लागलं. कफाचा रंग बदलला होता, वजन दोन आठवडे ४९ वर अडलेलं. गरोदरपणाआधी माझी फुंकण्याची चाचणी (फुप्फुसं किती जोरानं हवा बाहेर टाकतात ते मोजणारी) ६८ टक्के होती, ती ५९ वर आली. छातीचे डॉक्टर आणि बाळंतपणाच्या डॉक्टर दोघं एकत्र येऊन बोलले, ते मला फार बरं वाटलं. डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधं पोटातल्या बाळाला चालत नाहीत, म्हणून शिरेतून सेफ्टाझिडीम हे अँटिबायोटिक सुरू केलं, चौदा दिवस. पोट वाढल्यावर डोकं खाली करून छाती ठोकून घ्यायची पद्धत बंद केली होती, जळजळ वर येते. उशा लावून बसूनच सगळं. हे यंत्र मी सोबत नेलं होतं. पहिल्या रात्री सिस्टर म्हणाल्या, "हे काय, खोलीत स्वयंपाक करायचा नाही." समजावलं. चौथ्या दिवशी त्याच सिस्टर बाजूच्या खोलीतल्या बाळंतिणीची वाटी-चमचा घेऊन आल्या, "एवढं जरा तुमच्या त्यात लावता का?" लावलं. पण माझ्या कपांबरोबर नाही, वेगळ्या फेरीत.

आठव्या महिन्यात यंत्र बंद पडलं. दिवा लागायचा, प्लेट थंडगार. वॉरंटीत होतं. दुकान म्हणालं कंपनीला फोन करा, कंपनी म्हणाली खोक्यासह पुण्याला पाठवा, पंधरा ते एकवीस कामाचे दिवस. मी विचारलं, तोवर मी काय करू? पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, बेबीच्या बॉटल उकळून घ्या." बेबी पोटात लाथा मारत होतं आणि मी पुन्हा पातेल्यापाशी. नवरा मुकाट्यानं यंत्र पिशवीत घालून लक्ष्मीपुरीत एका मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणाऱ्या काकांकडं गेला. त्यांनी चार स्क्रू काढले, जास्त तापलं की उडतो तो फ्यूज बदलला आणि दीडशे रुपये घेतले. "प्लेटवर थर साचू देऊ नका, त्यानंच तापतंय," एवढं वर सांगितलं. वॉरंटी गेली, हे खरं. पण त्याच संध्याकाळी माझे कप वाफेत होते. विक्रीनंतरच्या सेवेला माझ्याकडून शून्य, आणि काकांना पाचपैकी पाच.

मुलगी ३६ आठवडे पूर्ण होऊन दोन दिवसांनी झाली, नॉर्मल, २ किलो ४०० ग्रॅम. थोडी लवकरच, पण हा आजार असलेल्या बायकांत लवकर होण्याचं प्रमाण जरा जास्तच असतं आणि डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिला माझ्याकडून एक सदोष प्रत जाणारच होती, ते टळत नाही. म्हणून बाळाचा विचार करायच्या आधीच नवऱ्याचं रक्त तपासलं होतं. तो वाहक, म्हणजे एक सदोष प्रत असलेला, निघाला असता तर दोनात एक शक्यता तिलाही हाच आजार होण्याची. पाश्चात्त्य लोकांत जास्त सापडणारे मोजकेच बदल शोधणारी चाचणी आपल्या लोकांत बरंच काही सोडते, म्हणून पूर्ण जनुक वाचणारी करून घेतली. त्यात काही सापडलं नाही. शंभर टक्के खात्री तीही देत नाही, पण शक्यता फार खाली येते.

आणि मग यंत्र ज्या कामासाठी बनलंय ते काम त्याला एकदाचं मिळालं. मी अंगावर पाजते, पण सकाळी माझी छातीची साफसफाई चालू असते तेव्हा आत्या काढून ठेवलेलं दूध वाटीचमच्यानं किंवा बाटलीनं देतात. पहिल्यांदा दूध काढलं तेव्हा आत्यांच्या मनात काहीतरी होतं, ते मला दिसत होतं. माझा घाम खारट, मग दूध? डॉक्टरांनी सांगितलं होतं की आमच्या दुधात मीठ नेहमीएवढंच असतं, पाजायला हरकत नाही. आत्यांनी ते ऐकून घेतलं. मग मी बघत नाही असं वाटून बाटलीतला एक थेंब बोटावर घेऊन चाटला. "साधं तर हाय," स्वतःशीच म्हणाल्या आणि नातीला मांडीवर घेतलं.

दोघींचं सामान मी एका फेरीत कधीच लावत नाही. सकाळी माझे कप, मग प्लेट पुसून तिच्या बाटल्या. बाटल्या उंच असतात, चार लावल्या की जाळीत बोट घालायला जागा राहत नाही, त्यामुळं दिवसाला चार फेऱ्या होतात. दोन बायका एकच बाथरूम वापरतात तसं चाललंय आमचं. नेब्युलायझरचा घरघर आवाज तिनं पोटात असल्यापासून ऐकलाय बहुतेक. तो सुरू झाला की रडणं थांबतं. यंत्राच्या पंख्याचा आवाज मात्र तिला आवडत नाही. बारीक शिट्टीसारखा आहे, मलाही आवडत नाही.

कुणी घ्यावं? फक्त बाळासाठी आणि घरात माणसं असतील तर पातेलं पुरतं, उगाच पैसे घालू नका. जुळी असतील, एकटीनं सगळं करायचं असेल तर घ्या. दमा, सिस्टिक फायब्रोसिस, काहीही असो, ज्यांच्या घरात रोज दोनपेक्षा जास्त वेळा नेब्युलायझर चालतो त्यांनी जरूर घ्यावं, मात्र आधी आपला कप वाफेत टिकणारा आहे का ते बघून. आणि वाळवण्याची सोय असलेलंच घ्या, हजार रुपये वाचवायला साधं घेऊ नका. ओला कप झाकून ठेवायचा असेल तर निर्जंतुक करून उपयोग काय?

पाचपैकी साडेतीन. एक तारा त्या थेंबाचा गेला. अर्धा वायरीचा, एवढीशी, हातभर वायर दिलीय. सिंकपासून प्लगपर्यंत पोचत नाही म्हणून यंत्र ओट्याच्या पार टोकाला ठेवावं लागतं आणि नऊ महिन्यांचं पोट घेऊन ९० मिली पाणी न सांडता तिथपर्यंत नेणं, हे त्या वायरीचं माप ठरवणाऱ्यानं एकदा करून बघावं.